मुकादमाचा डोळा

शाकिर म्हणतो, माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो. म्हणू दे. भोरसारख्या गावात तीनशे घरांना केबलमधून इंटरनेट द्यायचं, लोकांची बोलणी खायची आणि वर तोंड भरून हसायचं, हे एका जिवाला झेपत नाही. म्हणून आम्हा नवरा-बायकोत वाटणी आहे. हसायचं आणि छपरांवर चढून वायरी ओढायच्या, हे त्याचं काम. एसटी स्टँडमागच्या ऑफिसात बसून बाकीचं सगळं निस्तरायचं, हे माझं. मदतीला माझी धाकटी बहीण हीना. अम्मी गेल्यापासून ती आमच्याकडेच असते.

दोन हजार आठचा जून. बारावी झालेल्या पोरापोरींची इंजिनिअरिंगचे फॉर्म ऑनलाईन भरायला ऑफिसात नुसती जत्रा लोटली होती. फॉर्म हीना भरायची. बोटं अशी चालतात तिची की बघत राहावं. पासवर्ड घालायची तीच आणि ध्यानात ठेवायचीही तीच. आमच्याकडे रीतच तशी पडली होती. पोराचा बाप म्हणायचा, "ताई, ते तुमच्यापाशीच असू द्या, आमी कुठंतरी हरवून बसू." घराची किल्ली शेजारी देऊन गावाला जावं, तसं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

त्या पोरांत शिवानी होती. हीनाची पाचवीपासूनची मैत्रीण, मूळची गुंजवण्याची. भाताची खाचरं धरणाखाली गेली, बाप त्याच्या आधीच गेलेला, आई ठकुबाई मिळेल तिथं रोजानं जाते. पोरगी भोरात मावशीकडं राहून शिकली आणि दोघींच्या वर्गात पहिली आली. पसंतीक्रमात तिनं पुण्याचं सरकारी कॉलेज पहिलं घातलं होतं. फी नावापुरती, वर मुलींचं हॉस्टेल. ते मिळालं तर शिक्षण, नाहीतर मामानं नसरापूरचं एक टेम्पोवाल्याचं स्थळ बघूनच ठेवलं होतं. मधला रस्ताच नव्हता. हीनालाही पुण्याला जायचं होतं, पण आमच्या घरच्या पोरी हॉस्टेलवर राहत नाहीत, तो विषय मी आधीच मिटवला होता. तिचं नाव इथल्या जवळच्या खाजगी कॉलेजात घालायचं ठरलं होतं.

मंगळवारी शिवानी सहज फॉर्म बघायला आली आणि पडद्याकडं बघून पांढरी पडली. पुणं गायब. पसंतीक्रमात एकच नाव, ते जवळचं खाजगी कॉलेज.

"ताई, हे कुणी केलं?"

मी आधी हीनावरच डाफरले. ती म्हणाली, "अल्लाची शप्पथ आपा, भरताना मी पुणंच टाकलं होतं." खरंच टाकलं होतं, भरल्या दिवशीची प्रिंट शिवानीकडं होती. आम्ही नाव परत घातलं. हीनाला म्हटलं, पासवर्ड बदल. तिनं बदलला. मग मी पुण्याला प्रवेशाच्या मदत केंद्रात फोन लावला. तिथले साहेब म्हणाले, बदल तुमच्याच भोरच्या लाईनवरून झालाय. कुणाच्या घरातून झाला त्याचा पुरावा शनिवारी संध्याकाळी मुदत संपायच्या आत घेऊन या, आम्ही फॉर्मला कुलूप लावू. पुरावा नसेल तर पोरीनंच बदललं असं धरणार, आणि पाच बदल झाले की फॉर्म पुराव्याशिवाय परत बदलता येणार नाही.

"आणते की पुरावा!" मी म्हटलं. "आमचा मुकादम आहे."

मुकादम म्हणजे ऑफिसच्या आतल्या खोलीतला आमचा लॉग सर्व्हर. जुनाच कॉम्प्युटर, डिस्क लहान. पण काम एकच: कुणाच्या घरातून, कधी, कुठल्या साईटवर कोण गेलं त्याची हजेरी मांडत बसायचं. डिस्क भरली की सगळ्यात जुनं पुसायचं आणि नवं लिहायचं. एरवी महिनाभराचं मागचं सापडतं. मी सगळ्यांदेखत जाहीर केलं, आत्ता गर्दीपुढं सवड नाही, पण ज्यानं कुणी हे केलंय त्याचं घर उद्या सकाळी मुकादम दाखवील, आणि मग मी त्या घरी जाईन. शाकिर म्हणाला, "उचलली जीभ लावली टाळ्याला. आधी बघ तरी." मी म्हटलं, बघायचंय काय त्यात?

सकाळी आतल्या खोलीचं दार उघडलं तर मुकादमाचा पंखा किंचाळत होता. माऊस हलवला तर बाण जागचा हलेना. शाकिरनं कसाबसा पडदा उघडला आणि दोघंही बघत राहिलो. ओळींमागून ओळी धावत होत्या, डोळ्याला एक धड वाचता येईना. अमक्या घरातून हजर, तमक्या घरातून हजर. डेअरी हजर, डॉक्टर हजर, आणि जी घरं आमच्या गावातच नाहीत तीही हजर. कुणीतरी खोट्या नावांनी मुकादमाच्या कानात सतत ओरडत होतं. तो बिचारा प्रत्येक आरोळी लिहीत होता आणि जागा करायला जुनं पुसत होता. आम्हाला हवी ती ओळ पुसून गेली होती. महिनाभराची हजेरी एका रात्रीत साफ झाली होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सरळ हात घातला आणि मुकादमाची वायर उपटली.

"अगं, लाव ती!" शाकिर ओरडला.

"बुडतंय ते! आधी श्वास घेऊ दे त्याला."

पंखा शांत झाला. मला लई हुशारी केल्यासारखं वाटलं. हीना दारात उभी राहून बघत होती. "आपा, मी घरी जाऊन जेवून येते," म्हणाली आणि गेली. मी जेवले नाही, शाकिरशी भांडत बसले. तासाभरानं वायर परत लावली. हीना आली, तिच्या मागोमाग शिवानी आली, फॉर्म उघडला, आणि पुणं परत गायब झालेलं. झालं होतं नेमकं त्या तासात, मुकादमाचा डोळा मिटलेला असताना. मिटला कुणी? मीच.

शाकिर फार शांतपणे बोलला, त्याचा मला जास्त राग आला. "त्याला मुकादम मोडायचाच नाहीये, नुजहत. त्याला एवढंच पाहिजे की आपण कंटाळून तो बंद करावा. बंद केला की रान मोकळं."

शिवानी खुर्चीत बसून हुंदके देत होती. "जाऊ दे ताई, माझ्या नशिबातच न्हाई पुणं."

"नशिबाला काय हात असतात का गं कीबोर्ड बडवायला?" मी खेकसले. "कुणाचेतरी हात आहेत. गप बस." पुण्याचं नाव तिसऱ्यांदा घातलं. हीनानं पासवर्ड परत बदलला. बदलताना म्हणाली, "आपा, एवढं कशाला? इथलं कॉलेज काय वाईट आहे? मीपण तिथंच जाणार आहे ना." मी तिला असं काही झापलं की ती संध्याकाळभर बोलली नाही.

मग माझं बसणं-उठणं मुश्कील झालं. चहा प्यायला घेतला की निवायचा. दर थोड्या वेळानं आत जाऊन मुकादम बघायचा, बाहेर येऊन शिवानीचा फॉर्म बघायचा, परत आत. तो मेला चोर त्याच्या कानात सारखा ओरडत होता. फक्त दुपारी थोडा वेळ गप झाला होता. "दुपारची झोप काढतो वाटतं हा," मी शाकिरला म्हटलं. तो हसला नाही. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

गुरुवारी माझा संशय पप्पूवर गेला. पप्पूचं नदीपल्याड मोबाईल दुरुस्तीचं दुकान. आमच्या लाईनीवरून आजूबाजूच्या चार घरांना चोरून वायर देत होता म्हणून मी त्याचं कनेक्शन कापलं होतं, शाकिरला दया आली, त्यानं परत जोडलं. तेव्हा पप्पू म्हणाला होता, "भाभी, एक दिवस बघून घेतो." कॉम्प्युटर त्याला येतो, खुन्नस त्याच्यापाशी आहे, आणखी काय पाहिजे? दुपारी जेवणाचा डबा तसाच टाकून मी रिक्षानं त्याच्या दुकानात गेले आणि तोंडाचा पट्टा सोडला. गल्ली गोळा झाली. पप्पू हातातला स्क्रू ड्रायव्हरही खाली ठेवायचा विसरला.

"भाभी, तुमच्या मुकादमाला मी कशाला वरडू? मला तर म्हाईतबी न्हाई तुमी मुकादम ठिवलाय!"

"खोटं नको बोलू. तुझा कॉम्प्युटर चालू आहे समोर!"

"दुकान हाय, चालू न्हाई ठिवणार का?"

एवढ्यात माझा मोबाईल वाजला. शाकिर. "नुजहत, थांबलं बघ. एकदम गप झालं."

"थांबणारच! मी इथं त्याच्या बोकांडी बसलेय ना!"

"तसं नाही गं. आत्ता आपल्या आळीची लाईट गेली, दुपारची. गेली आणि त्याच क्षणी थांबलं."

मी वर बघितलं. माझ्या डोक्यावर पप्पूचा पंखा गरगर फिरत होता. समोर कॉम्प्युटरही चालू. नदीपल्याडची लाईट सकाळीच जाऊन आलेली असते, भारनियमनाच्या पाळ्या भोरात पोराटोरांना पाठ आहेत. आणि आमची वायर घराघरात वाटणारे डबे छपराछपरांवर आहेत, त्यांना करंट त्या त्या घरातूनच घेतलाय. ज्या घरावर डबा, त्या घरानं करंट द्यायचा, बदल्यात केबल फुकट बघायची. आळीची लाईट गेली की तिथले डबे मरतात. म्हणजे दुपारी तो झोपत नव्हता. त्याची लाईट जात होती. आणि ती आमच्याच आळीची होती.

"काय भाभी," पप्पू म्हणाला, "चोर सोडून संन्याशाला फाशी व्हय?"

सॉरी म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्याच्या आईनं चहा ठेवला होता तो गुमान प्यायले आणि निघाले.

आमच्या आळीत पंचवीस-तीस कनेक्शनं. सगळी ओळखीची, ईदला शीरखुर्मा ज्यांच्या घरी जातो तीच. संध्याकाळी घरी जाताना मी एकेका दाराकडं बघत चालले. कुंडलिक गुरुजी ओट्यावर पेपर वाचत होते, त्यांनी "काय नुजहत, बरंय का?" म्हटलं आणि मला त्यात काहीतरी वाकडं वाटलं. अंबूबाईचा नातू हल्ली फार कॉम्प्युटरवर असतो. समोरचा शिंपी परवा मला बघून आत का गेला? घरी पोचेपर्यंत मी सगळ्या आळीला चोर ठरवलं होतं. स्वतःचीच किळस आली, पण मन काही थांबेना.

शुक्रवारी शाकिरनं आणि मी आतून कडी लावून काम केलं. कुणालाच सांगितलं नाही, कारण भोरात एका कानाला सांगितलेलं डेअरीत दूध घालायच्या वेळेपर्यंत गावभर होतं. पहिली गोष्ट, मुकादमाची वायरच वेगळी केली. गावातून येणारं सगळं ज्या मुख्य डब्यातून जातं, त्याच्यापासून थेट मुकादमापर्यंत एक नवी वायर, तिच्यावर दुसऱ्या कुणाला बोलताच येणार नाही. दुसरी, प्रत्येक घराला वाटा ठरवून दिला. मिनिटाला एवढंच लिहून घेणार, त्यापुढचं फेकून देणार, म्हणजे एकाच्या आरडाओरड्यात बाकीचे बुडायचे नाहीत. तिसरी, तीच ती आरोळी परत आली तर परत लिहायची नाही, नुसतं 'वरीलप्रमाणे' म्हणायचं. जुनी वायर आम्ही मुद्दाम तशीच ठेवली, पलीकडं एक रिकामा कॉम्प्युटर लावून. ओरड बाबा किती ओरडायचं ते.

"पण नावं तर खोटी घेतोय तो," मी म्हटलं. "आपल्याला कळणार कसं?"

"शिवी देऊन पळायचं असेल तर खोटं नाव चालतं," शाकिर म्हणाला. "पण फॉर्म उघडायचा म्हणजे पुण्याहून पान परत यायला हवं. ज्याला उत्तर पाहिजे त्याला खरा पत्ता द्यावाच लागतो."

दुपार टळली, आळीची लाईट आली, रिकामा कॉम्प्युटर किंचाळायला लागला. मुकादम मात्र सावकाश, एकेक खरी ओळ मांडत होता. मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्या डोक्यावरची धूळ पदरानं पुसली. बाहेर शिवानी तिचा फॉर्म उघडून बसली होती, मावशीकडं जायलाच तयार नव्हती. हीना म्हणाली, डोकं दुखतंय, आणि घरी गेली. जाताना शिवानीच्या खांद्यावर हात ठेवून गेली.

थोड्याच वेळात बाहेरून शिवानीची किंकाळी आली. "ताई! परत गेलं!"

मी मुकादमापुढंच उभी होते. ओळ आली होती. वेळ, प्रवेशाची साईट, आणि घर. मी ती वाचली, परत वाचली, मग शाकिरकडं बघितलं. कनेक्शन त्याच्या नावावर होतं. आमचं घर. आणि तो तर माझ्या शेजारी उभा होता.

"घरी कोण आहे?" त्यानं विचारलं, आणि विचारून मान खाली घातली.

 मी बाहेर आले, शिवानीला म्हटलं, "बस इथं. आलेच." आळीपर्यंत कशी गेले आठवत नाही. कुंडलिक गुरुजी ओट्यावरच होते, त्यांच्याकडं मला बघवलं नाही.

माळ्यावर शाकिरचा जुना कॉम्प्युटर असतो, लाईट आली की आपोआप चालू होणारा. त्याच्या काळ्या पडद्यावर ओळी धावत होत्या आणि हीना जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. मी मारायला हात उचलला, तो तसाच राहिला. तिनं तोंडही लपवलं नाही.

"का?" मी म्हटलं. "तुझी मैत्रीण ना ती?"

"म्हणूनच."

"म्हणूनच म्हणजे?"

"ती गेली की मी इथं कुणाशी बोलू, आपा? तुझ्याशी? तू बोलतेस कुठं, तू ओरडतेस." मग ती रडायला लागली. "मी तिचं वाईट नव्हतं केलं. नापास नव्हतं केलं. इथंच ठेवत होते. आपल्याकडंच राहिली असती, दोघी मिळून कॉलेजला गेलो असतो."

"आणि फी? ठकुबाई काय विकणार होती, धरण?"

तिनं त्याचा विचारच केला नव्हता. तोंडावरून दिसत होतं. सगळ्या गावाला हुलकावणी देणारं डोकं, आणि एवढी साधी गोष्ट त्यात आली नव्हती.

"तू म्हणालीस मुकादम दाखवील, मग मी घाबरले," ती म्हणाली. "आपा, पुसून टाक ना. एकच ओळ आहे. तुझ्याच हातात आहे. शिवानीला सांग, सापडला नाही."

खोटं कशाला बोलू, माझे हात शिवशिवले. पोटची नसली तरी पोरीसारखी वाढवलेली. पुण्यात पोलिसांचं नाव निघालं तर? आळीत कळलं तर? एक ओळ. माझ्याशिवाय आणि शाकिरशिवाय कुणाला ठाऊक? पण फॉर्मचे पाचही बदल संपले होते, ओळ पुसली तर शिवानीनं टेम्पोवाल्याच्या घरी भाकऱ्या थापायच्या, आणि मी रोज सकाळी मुकादमाची धूळ पुसायची. नाही जमणार. ओरडणाऱ्यापासून त्याला वाचवायचा आणि शेवटी आपणच त्याचा गळा दाबायचा, असली बाई मी नाही.

"ऊठ," मी म्हटलं. "तोंड धू. तिला तू सांगायचंस. मी नाही."

तिनं सांगितलं. ऑफिसात, उभ्यानं. शिवानी ऐकत राहिली, मग पायात चपला घातल्या आणि मावशीकडं निघून गेली.  ओरडली असती, झिंज्या उपटल्या असत्या तरी चाललं असतं. शाकिर मागं जाऊन सांगून आला, उद्या सकाळच्या पहिल्या एसटीनं पुणं.

एसटीत शिवानी पुढं एका अनोळखी बाईशेजारी जाऊन बसली. हीना आणि मी मागं. कापूरहोळ आलं, घाट गेला, हीना खिडकीकडं तोंड करून बसलेली. मी दोनदा तिचा हात धरायला गेले आणि दोनदा पर्समधलं काहीतरी शोधत असल्यासारखं केलं.

मदत केंद्रातल्या साहेबांनी मुकादमाच्या ओळीचा आमचा कागद वाचला, हीनाकडं बघितलं, मग चष्मा काढला. "पोलिसात द्यायचंय का?" त्यांनी शिवानीला विचारलं. 

"न्हाई," शिवानी म्हणाली. "फकस्त पुणं परत घाला."

त्यांनी फॉर्म उघडला, पुणं पहिलं आलं. कुलूप लावायच्या आधी ते खुर्चीवरून उठले आणि कीबोर्ड शिवानीकडं सरकवला. "नवा पासवर्ड टाक बाळ. तुझा तू."

शिवानी खुर्चीत बसली. तिला टायपिंग येत नाही, कधी लागलंच नव्हतं. एक बोट काढून अक्षरं शोधायला लागली. हीनाला राहवेना. सवयीनं ती पुढं झाली, हात कीबोर्डाकडं गेला.

"तू तोंड तिकडं कर," शिवानी म्हणाली.

हीनाचा हात तिथंच थांबला. ती वळली. मग शिवानीनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, नुसतं पाणी होतं.

"ताई, तुमीबी."

गावातली तीनशे घरं मला दाराच्या किल्ल्या देतात. मी हीनाच्या शेजारी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. मागं एकेक कळ वाजत होती, मध्ये बराच वेळ थांबून, परत. आम्ही दोघी बहिणी तशाच उभ्या होतो, शिवानी "झालं" म्हणेपर्यंत.